अनोळखी चालकाच्या डाव्या हाताला



सुगी आटोपली, रस्ते वाळले आणि हवा गार झाली की जिल्ह्याच्या गावी मोटार-रॅलींचे दिवस सुरू होतात. एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी घरातला शिकता मुलगा, आणि अलीकडे मुलगीही, सांगते की रविवारी रॅलीत बसायला बोलावले आहे. गाडी दुसऱ्याची, चालक अनोळखी. त्याला शेजारी बसून वाट सांगणारे कोणीतरी हवे आहे. आई ताबडतोब नको म्हणते. आजोबा विचारतात, "रॅली म्हणजे मोर्चा ना रे?" वडील काहीच बोलत नाहीत. मग हा प्रश्न कधी कधी माझ्याकडे येतो, कारण बोंडअळी आणि हुमणीबरोबर या नादातही मी आहे, हे आमच्या तालुक्यात बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे.

नाद आहे हे खरे. बारा-तेरा वर्षे मी हौशी सहचालक म्हणून बसत आलो आहे. निम्म्याहून अधिक वेळा ज्याच्या शेजारी बसलो, त्याचे तोंड मी निघण्याच्या दिवशी पहाटेच प्रथम पाहिले. मुलाला पाठवावे की नाही, हे शेवटी तुम्हीच ठरवायचे. परंतु काय विचारून ठरवावे, ते मी सांगू शकेन.

प्रथम हे ध्यानात घ्या, की रॅली म्हणजे शर्यत असे सरसकट नाही. तिचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक हिशेबाचा, दुसरा वेगाचा. हिशेबाच्या प्रकाराला टीएसडी म्हणतात, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर. रस्ता सर्वांना खुला असतो, समोरून बैलगाडी येते, उसाची ट्रॉली येते, वाहतुकीचे सारे नियम लागू असतात. आयोजक प्रत्येक टप्प्यासाठी सरासरी वेग ठरवून देतात. तो बहुधा तुमच्या-आमच्या एसटीपेक्षाही कमी असतो. त्या वेगाने जेथे ज्या सेकंदाला असायला हवे, तेथे त्याच सेकंदाला असणे एवढेच काम. वाटेत कोठेतरी, झाडाआड किंवा वळणापलीकडे, पंच घड्याळ घेऊन बसलेले असतात. ते कोठे आहेत हे कोणालाच सांगितलेले नसते. उशिरा आलात तर दंड, लवकर आलात तरीही दंड, आणि पुष्कळ ठिकाणी लवकर येण्याचा दंड अधिक.

दुसऱ्या प्रकारात रस्त्याचा एखादा तुकडा परवानगी काढून बंद करतात आणि एकामागून एक गाडी ठरावीक अंतराने सोडतात. तेथे खरोखरच जीव तोडून गाडी हाकली जाते. गाडीच्या आत लोखंडी पिंजरा असतो, छाती-कमरेवरून घट्ट पट्टे असतात, डोक्याला हेल्मेट असते आणि दोघांनाही स्पर्धेचा परवाना लागतो. नाशिक परिसरात या जातीच्या राष्ट्रीय रॅली झालेल्या आहेत. नवख्याने सुरुवात पहिल्या प्रकारापासून करावी. दुसऱ्या प्रकारात अनोळखी चालकाच्या शेजारी कोणी पहिल्याच झटक्याला बसा म्हणत असेल, तर आईचे ऐकावे.

आता हिशेबाच्या रॅलीत सहचालक करतो काय? त्याच्या हाती निघण्याआधी थोडा वेळ मार्गपुस्तिका पडते. तीत नकाशा नसतो. प्रत्येक फाट्याची लहानशी आकृती असते. खाली ठिपका म्हणजे आपण आलो ती बाजू, वर बाण म्हणजे जायचे ती बाजू. हॉलंडमधल्या ट्यूलिप रॅलीत ही पद्धत निघाली, म्हणून या आकृत्यांना सगळ्या जगात ट्यूलिप म्हणतात. शेजारी अंतर लिहिलेले असते. वेग दिलेला असतो. बाकीचे गणित सहचालकाने करावयाचे.

गणित सातवीच्या मुलाला येईल असे आहे. एका तासाचे ३,६०० सेकंद. त्यांना वेगाने भागा, की एक किलोमीटरला किती सेकंद लागायला हवेत ते निघते. ताशी ३० ला १२० सेकंद, ३६ ला १००, ४० ला ९०, ४५ ला ८०. समजा तुम्ही ८ वाजून ७ मिनिटांनी निघालात आणि पहिला टप्पा १२ किलोमीटरचा, वेग ३६. म्हणजे १,२०० सेकंद, अर्थात २० मिनिटे. ८ वाजून २७ मिनिटांनी तो टप्पा संपला पाहिजे. त्यापुढे ९ किलोमीटर ३० च्या वेगाने, म्हणजे १८ मिनिटे. ८ वाजून ४५. कागदावर हे सोपे आहे. हलत्या गाडीत, मांडीवर कागद, हातात घड्याळ, पुढे शेळ्यांचा कळप आणि चालक विचारतो आहे "किती? किती?", अशा वेळी ते सोपे राहत नाही.

गाडीचे अंतर दाखविणारे मीटर आणि आयोजकांचे मीटर कधीच सारखे नसतात. म्हणून सुरुवातीला मोजलेला एक तुकडा देतात. त्यांचे १० किलोमीटर तुमच्या गाडीत १०.३ भरले, तर पुस्तिकेतील प्रत्येक अंतराला १.०३ ने गुणावे लागते. पुस्तिकेतला २० किलोमीटरवरचा फाटा तुमच्या मीटरवर २०.६ ला येईल. झिजलेले टायर अधिक अंतर दाखवितात, कारण चाकाचा घेर कमी झालेला असतो आणि तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात. पेरणीयंत्र शेतात नेण्याआधी चाक फिरवून, पडलेले बी वजन करून आपण पाहतो की नाही? तेच हे. जो चालक म्हणतो की माझे मीटर बरोबर आहे, तपासायची गरज नाही, त्याच्याबद्दल मी थोडा सावध होतो. मीटरपेक्षा त्याच्या स्वभावाचा अंदाज त्यातून अधिक येतो.

आणि येथेच अनोळखी माणसाचा प्रश्न सुरू होतो. गणित, पुस्तिका, घड्याळ हे सारे शिकून घेता येते. पण ते गणित ज्याच्या कानी घालायचे, तो माणूस तुमचा शब्द कसा ऐकतो?

एसटीचे उदाहरण घ्या. आज आपल्या आगारात कोणत्या चालकाबरोबर कोणता वाहक जाईल हे कामाच्या वाटपावर अवलंबून असते. दोघांची ओळखही नसेल. तरी एक घंटी वाजली की गाडी थांबते, दोन वाजल्या की निघते. या गोष्टीचा अर्थ चांद्यापासून बांद्यापर्यंत कोठेही बदलत नाही, म्हणून अनोळखी असणे आड येत नाही. रॅलीच्या गाडीत अशी सर्वांची मिळून एक घंटी नाही. ती निघण्यापूर्वी दोघांनी बसवून घ्यावी लागते. माझ्या मते अनोळखी चालकाबरोबर जमणे न जमणे नव्वद टक्के या एका गोष्टीवर ठरते. मैत्री, स्वभाव, गप्पा हे सारे नंतरचे.

साधा शब्द घ्या, "राइट". चालक विचारतो, "लेफ्ट ना?" शेजारचा म्हणतो, "राइट!" त्याच्या मनात बरोबर, चालकाच्या कानात उजवीकडे. गाडी उजवीकडे जाते. म्हणून मी आधीच सांगून ठेवतो की होकाराला "हो" म्हणायचे, राइट हा शब्द फक्त दिशेला. किंवा सरळ डावे-उजवे म्हणा. ते अधिक चांगले, कारण या दोन शब्दांत कानाला घोटाळा होत नाही.

दुसरा घोटाळा "पुढे" आणि "मागे" यांचा. "दहा सेकंद पुढे" म्हणजे काय? आपण वेळेच्या पुढे आहोत, की आणखी दहा सेकंद पुढे काढायला हवेत? एक रॅली मी भाजीचा टेम्पो चालविणाऱ्या एका तरुणाबरोबर केली. रोज पहाटे बाजार समितीत माल नेणारा, घाटात हात बसलेला, शाळा मात्र अर्धवट सुटलेली. पहिल्या दहा मिनिटांत तो मला म्हणाला, "साहेब, तुमचं पुढं-मागं माझ्या डोक्यात उलटं बसतंय. सोड का धर, एवढंच सांगा." कासरा सैल सोडायचा की आवळून धरायचा! त्यानंतर दिवसभर आम्ही तेच दोन शब्द वापरले. "सोड, पाच." "धर, तीन." पुढच्या साडेतीन तासांत त्या माणसाने मला एकदाही पुन्हा विचारले नाही. मी पाहिलेल्या चांगल्या चालकांत मी त्याला फार वर धरतो, आणि रॅलीत उतरण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती.

निघण्याआधी आणखी एक शब्द ठरवावा लागतो, तो म्हणजे चुकल्याचा. सहचालकाची पुस्तिकेतली जागा केव्हातरी सुटतेच. एखादा फाटा मोजायचा राहतो, पान दुमडले जाते. नवखा माणूस अशा वेळी गप्प राहून बोट फिरवत जागा शोधतो, आणि चालक त्या गप्प बसण्याचा अर्थ "सरळ चला" असा घेतो. दोन किलोमीटर गेल्यावर कळते. म्हणून "हरवलो" असा शब्द ठरवून घ्यावा, तो मोठ्याने उच्चारावा, आणि तो ऐकताच चालकाने रागावण्याऐवजी गाडी कडेला घ्यावी, हेही त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.

वेगाच्या रॅलीत तर शब्दांवर जीवच टांगलेला असतो. तेथे दोघांनी आधी तो रस्ता सावकाश पाहून घ्यायचा असतो. चालक वळणे पाहून बोलतो आणि सहचालक लिहून घेतो. मग खऱ्या वेळी सहचालक ते वाचत जातो आणि चालक, पलीकडचे काही दिसत नसताना, त्या वाचण्यावर विसंबून गाडी टाकतो. वळणांना १ ते ६ असे आकडे देण्याची पद्धत रूढ आहे. पुष्कळ चालकांचा १ म्हणजे अगदी आवळ वळण आणि ६ म्हणजे जवळजवळ सरळ रस्ता. परंतु काही चालक नेमके उलट आकडे वापरतात. आता विचार करा, जुन्या जोडीदाराच्या सवयीने एखादा सहचालक नव्या चालकाला आकडा देतो आहे आणि पुढे घाटाची कड आहे! म्हणून या खेळात नियमच आहे म्हणा ना, की आकडे चालकाचे. सहचालकाने आपली पद्धत घरी ठेवून यायची आणि पहिला प्रश्न हाच विचारायचा की, "तुमचा एक म्हणजे कोणता?"

वाचण्याची वेळही प्रत्येकाची निराळी. एखाद्याला पुढची दोन वळणे आधीच ऐकायला हवी असतात, तर दुसऱ्याला ऐन ब्रेक लावण्याआधी सांगितलेलेच आवडते. फार लवकर सांगितले तर विसरतो, उशिरा सांगितले तर उपयोग नाही. डोळे कागदावर असल्याने सहचालकाला रस्ता फारसा दिसत नाही. तो कमरेला जाणवतो. गाडी कशी दबते, कशी कलते, त्यावरून आपण कोठे आहोत हे तो ओळखतो. हे ज्ञान एका दिवसात येत नाही आणि नव्या चालकाबरोबर पुन्हा थोडे पहिल्यापासून शिकावे लागते. केनियाचे शेखर मेहता यांनी सफारी रॅली पाच वेळा जिंकली. त्यातल्या १९७९ ते १९८२ या ओळीने चार वेळा त्यांच्या शेजारी माइक डाउटी हाच सहचालक होता. जुळलेली जोडी शहाणा माणूस मोडत नाही. उलट आपल्याकडे केरळातील कासरगोडचे मूसा शरीफ हे गौरव गिल आणि आणखी कितीतरी चालकांच्या शेजारी बसले आहेत. दर वेळी नव्या माणसाची बोली शिकून घेणे, ही त्यांच्या कामातली खरी हातोटी म्हणावी लागेल.

या शब्द ठरविण्याच्या कामात सर्वांत पुढे गेलेली जोडी मला वाटते १९५५ सालची. इटलीत तेव्हा मिले मिलिया नावाची सुमारे १,६०० किलोमीटरची शर्यत उघड्या रस्त्यांवरून होत असे. ब्रेशियाहून निघून रोमला जायचे आणि परत ब्रेशियाला यायचे. स्टर्लिंग मॉस हा पंचवीस वर्षांचा इंग्रज चालक, आणि शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार. जेन्किन्सनने ही कल्पना खरे तर जॉन फिच या अमेरिकन चालकाबरोबर योजली होती. पुढे फिचने मन मोठे करून त्याला मॉसकडे जाऊ दिले. म्हणजे जोडी नवीच म्हणायची. दोघांनी रस्ता पुन्हा पुन्हा पाहिला, धोक्याच्या जागा टिपल्या आणि जेन्किन्सनने त्या सगळ्या सुमारे १८ फूट लांबीच्या कागदाच्या पट्टीवर उतरवून ती पट्टी एका पेटीत दोन रुळांवर गुंडाळली. एक रूळ फिरवला की खिडकीतून पुढचा मजकूर दिसे.

आता ते सांगायचे कसे? उघडी गाडी, इंजिनाचा कान फोडणारा आवाज. बोलण्याचे यंत्र लावून पाहिले, पण गाडी चालविण्यात मॉसचे चित्त इतके गुंतलेले असे की कानातले शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतच नसत. शेवटी त्यांनी हाताच्या सुमारे पंधरा खुणा ठरविल्या. हात असा केला की वळण अवघड, तसा केला की चढावापलीकडे रस्ता सरळ आहे, दाबू नको ब्रेक. १ मे रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ते निघाले, म्हणून गाडीचा क्रमांकही ७२२. वाटेत जेन्किन्सनला उलटी झाली. बाहेर वाकला तर वाऱ्याने चष्मा उडवून नेला. दुसरा चष्मा जवळ होता म्हणून निभावले. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत ते परतले आणि जिंकले. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरच्या वर. ब्रेशियाच्या त्या विजयाचे कौतुक मॉसच्या वाट्याला अधिक आले आणि ते योग्यही आहे. पण मला नेहमी नवल वाटते ते त्या पंधरा खुणांचे, आणि खिशातल्या दुसऱ्या चष्म्याचे.

चष्मा वापरणाऱ्यांनी तेवढी सूचना घ्यावी. ज्यांना गाडीत वाचताना मळमळते, त्यांनी आधी एसटीत वर्तमानपत्र वाचून सवय करावी, निघताना पोटभर जेवू नये आणि तोंडात आल्याचा तुकडा धरावा. माझे इतक्या वर्षांत तेवढ्यावर भागले आहे.

अनोळखी जोडीचे सर्वांत चोख रूप मला एका वेगळ्याच रॅलीत दिसले. आपल्या देशातील काही शहरांत दृष्टिहीनांच्या रॅली होतात. तेथे गाडी डोळस माणसाची असते आणि शेजारी वाट सांगणारा नॅव्हिगेटर दृष्टिहीन. मार्गपुस्तिका ब्रेल लिपीत. ती बोटांनी वाचली जाते, चालकाला त्यातले एक अक्षर कळत नाही. दोघांची गाठ पुष्कळदा त्याच सकाळी पडते. अशा एका रॅलीत मी पंचांना मदत करण्यासाठी गेलो होतो आणि निघण्याच्या जागी उभा राहून जोड्या पाहत होतो. एक पोक्त गृहस्थ मोठी गाडी घेऊन आले होते. त्यांच्या शेजारी महाविद्यालयातला एक मुलगा बसला. गृहस्थ प्रेमाने म्हणाले, "बाळ, तू काळजी करू नकोस, हे सगळे रस्ते माझ्या पायाखालचे आहेत." मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, रस्ता तुम्हाला माहीत आहे, पण कोठे जायचे ते मला माहीत आहे. मी विचारीन तेव्हा मीटरचा आकडा तेवढा वाचून दाखवा." काका जरा चपापले, पण समजले.

दुपारी ती गाडी परत आली तेव्हा मी मुद्दाम विचारले. काका म्हणाले, दोनदा त्यांना वाटले की पोरगा चुकतो आहे. पहिल्यांदा आपल्या मनाने गेले आणि फसले, परत फिरावे लागले. दुसऱ्यांदा मुकाट्याने ऐकले. कितवे आले ते माझ्या आता लक्षात नाही. डोळस चालकांना ही रॅली अवघड जाते, कारण दिसत असून न दिसणाऱ्याचे ऐकायचे असते. सगळ्याच रॅलींत हेच करायचे असते, फक्त इथे ते लपत नाही.

मुलींबद्दल घरोघर विचारतात म्हणून सांगतो. फ्रान्सच्या मिशेल मूटोंने १९८१ मध्ये इटलीतली सानरेमो रॅली जिंकली, तेव्हा तिच्या शेजारी फाब्रित्सिया पोन्स होती. हीच पोन्स पुढे १९९७ मध्ये पिएरो लियात्ती या पुरुष चालकाच्या शेजारी बसून माँटे कार्लो रॅली जिंकली. बुद्धीला, आवाजाला आणि घड्याळाला स्त्री-पुरुष भेद नाही. मात्र अनोळखी गाडीत मुलीला पाठविताना घरच्यांनी चालकाला आधी भेटावे, गाडीचा क्रमांक, मार्ग आणि आयोजकांचा दूरध्वनी लिहून घ्यावा. खरे तर मुलाला पाठवितानाही हे करावे. आपण मुलीचे तेवढे लिहून ठेवतो आणि मुलगा गेला कोठे हे रात्री विचारतो.

आता थोडे कटू. एकदा पहाटे साडेपाचला मी ठरलेल्या जागी पोहोचलो. चालक नवा होता, बोलायला गोड होता, गाडीही उत्तम. पण पट्टा लावताना त्याच्या तोंडाचा वास आला. रात्रीची असेल, पहाटेची असेल, मी विचारले नाही. मी पट्टा सोडला, पुस्तिका आसनावर ठेवली आणि म्हटले, "दादा, मी बसत नाही." त्याने आधी हसून घालविले, मग आवाज चढविला, मग मिनतवारी केली. सहचालकावाचून गाडी सुटत नाही, म्हणून त्याचा प्रवेश गेला. प्रवेशशुल्कातले माझे निम्मे पैसेही गेले. तेव्हापासून तो माणूस कोठे भेटला तर तोंड फिरवितो. घरी आल्यावर पत्नीने विचारले, इतक्या लवकर कसे? मी सांगितले. तिने चहा ठेवला.

हे सांगण्याचे कारण असे, की डाव्या आसनावर बसणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक नसतो आणि हाती स्टिअरिंग नसते. एकदा गाडी सुटली की त्याच्याजवळ फक्त आवाज उरतो. उतरण्याचा हक्क मात्र गाडी सुटण्यापूर्वी पूर्णपणे त्याचा असतो, आणि नवख्या पोरांना नेमके तेच कोणी सांगत नाही. त्यांना वाटते, बोलावले हेच उपकार. मुलाला हे घरातून सांगून पाठवा. दारूचा वास, बसलेले टायर, न चालणारा पट्टा, गावातून जाताना सुसाट वेग, यातले काहीही दिसले तर उतरून ये. पैसे गेले तर जाऊ देत. हे वडिलांच्या तोंडून एकदा ऐकले असले, की परक्या माणसासमोर पोराला नाही म्हणता येते.

वेळ भरून काढण्याच्या लोभाचीही बोलणी आधीच व्हावीत. रेल्वेचे फाटक चार मिनिटे बंद राहिले, तर ती चार मिनिटे पुढच्या गावातून भरधाव जाऊन मिळवायची नाहीत. काही आयोजक अशा खोळंब्याला सूट देतात, काही देत नाहीत. निघण्यापूर्वीच्या सभेत विचारून घ्यावे. पेट्रोल आणि प्रवेशशुल्क कोणी किती द्यायचे, हेही गाडी सुटण्यापूर्वीच ठरवा. रॅलीत मोडलेल्या जोड्यांपैकी निम्म्या पैशांवरून मोडलेल्या मी पाहिल्या.

ज्यांच्या शिवारातून वेगाची रॅली जाणार असेल, त्यांच्यासाठीही चार शब्द. त्या दिवशी जनावरे बांधून ठेवा, कुत्री आवरा, लहान मुलांचा हात सोडू नका. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही उभे राहू नका. गाडी घसरली तर तिकडेच येते. रस्त्यापासून दूर आणि उंचावर उभे राहा. मी वर ज्या इटलीतल्या शर्यतीचे सांगितले, ती १९५७ मध्ये एका अपघाताने कायमची थांबली. चालक दे पोर्तागो आणि त्याचा सहचालक नेल्सन हे दोघे गेले, आणि रस्त्याच्या कडेला पाहायला उभे असलेले नऊ जण गेले. त्यांत पाच लहान मुले होती. अपघात झालेल्या गाडीतून हिरवा ओके असा फलक दाखविला तर सर्व ठीक आहे असे समजावे, लाल एसओएस दाखविला तर ताबडतोब मदत हवी आहे. धावत रस्त्यावर येऊ नका, कारण मागून दुसरी गाडी येत असते. जवळच्या पंचाला कळवा.

शेवटी, रॅली लांब असली तरी सराव घरबसल्या करता येतो. एसटीत खिडकीशी बसा, घड्याळ हातात घ्या आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये किती सेकंद गेले ते मोजा. ३,६०० ला त्या सेकंदांनी भागा. ७५ सेकंद आले तर गाडी ताशी ४८ ने चालली आहे. ६० आले तर ६०. आठवड्याच्या बाजाराला जाता-येता महिनाभर हे केले, की कागदाशिवाय जमू लागते. मग शेजारी धाकट्या भावाला बसवा, चालक तो आहे असे समजा, आणि प्रत्येक दगडाला "सोड" किंवा "धर" असे त्याला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात सांगा. इतर प्रवासी बघतील, त्यांना बघू द्या.